बुजवलेली कमान

पातेल्यावरचं झाकण थडथडलं आणि पहाटेची शांतता मोडली. मी धावत जाऊन आच कमी केली. माझी लेक हसिंता उठली असती तर मोलेचा, सुक्या मिरच्यांचा घट्ट रस्सा ढवळायचा राहिलाच असता. आज तीन मे, क्रूसाचा सण. आज गवंडी कामाला हात लावत नाहीत. ते फुलांनी सजवलेला क्रूस बांधकामावर लावतात, आणि ज्याचं बांधकाम त्यानं त्यांना पोटभर जेवू घालायचं.

बांधकाम आमचं होतं, गावातल्या आयांचं. जुन्या तुरुंगाचं आम्ही पाळणाघर करत होतो. फक्त मुलांच्या झोपायच्या खोलीला खिडकी नव्हती. बिनखिडकीच्या खोलीला परवानगी मिळेना, आणि इमारत वारसा म्हणून जपायची असल्यानं जुन्या भिंतीला नवं भोक पाडायला वास्तुतज्ज्ञ ग्रासिएलाबाई तयार होईनात. पाळणाघर नाही, तर माझं शिवणकामाच्या कारखान्यातलं कामही नाही.

सासूबाई म्हणाल्या, "क्रूस त्या अंधाऱ्या खोलीत लावा. गरज तिथे आहे."

"छपरावर लावायचा असतो, मावशी," फिदेन्सियो मिस्त्री म्हणाले.

"मग जेवणही छपरावरच वाढते."

क्रूस खोलीत आला. एक खिळा ठोकणं म्हणजे काही काम नव्हे, असं मिस्त्रींनी ठरवलं. दुसऱ्याच ठोक्याला गिलाव्याचा मोठा पोपडा खाली आला. मागे विटा होत्या, आणि विटांच्या वर दगडी कमान.

ग्रासिएलाबाईंनी कमानीच्या कडेवरून बोट फिरवलं. "खिडकी आहे ही. मूळचीच, नंतर बुजवलेली."

"म्हणजे उघडता येईल?" मी विचारलं.

"मूळची आहे ना. उघडायलाच हवी."

सगळ्यांनी मिस्त्रींकडे पाहिलं. त्यांनी ताट पुढे ओढलं. "उद्या सकाळी. आज सण आहे."

"उद्यापर्यंत कोण थांबतंय," म्हणत सासूबाईंनी पहार उचलली.

गवंडी ओळीनं जेवत बसले आणि आम्ही बायका विटा काढू लागलो.

"वरून काढा, वहिनी. खालून काढाल तर सासूबाई गाडल्या जातील," एक गवंडी घास चावत मला म्हणाला.

"तू गीळ मुकाट्यानं," सासूबाई म्हणाल्या. ग्रासिएलाबाईंच्या केसांत चुना भरला होता आणि त्या लहान मुलीसारख्या हसत होत्या.

पलीकडचा गिलावा फुटला आणि ऊन थेट समोरच्या भिंतीपर्यंत गेलं. बाहेर कुणीतरी फटाके लावले. मिस्त्रींनी क्रूस स्वतः कमानीत उभा केला. हेही काम नव्हे म्हणे.

हसिंता उन्हाच्या तुकड्यात जाऊन बसली. हात उन्हात नेला, सावलीत आणला, पुन्हा उन्हात नेला. मग माझ्याकडे वळली.

"आई, खिडकी बुजवली तेव्हा आत कोण होतं?"