काळी टाळू

सणसरच्या कुंडलिकाला हिंदुरावाचं काहीच बघवत नसे. हिंदुराव त्याचा सख्खा चुलतभाऊ, बांधाला बांध लागलेला. त्याचा ऊस उंच, त्याचे बैल गुबगुबीत, आणि या सगळ्यावर कडी म्हणजे त्याचा चित्या. चित्या आणि कुंडलिकाचा खंड्या ही एकाच कुत्रीची पिल्लं. पण उसाला लागणारे कोल्हे चित्या पार लासुर्ण्याच्या शिवेपर्यंत पिटाळून यायचा, आणि वालचंदनगरचे साहेब लोक मोटार थांबवून त्याला न्याहाळायचे. खंड्याकडे कुणी ढुंकून बघत नसे. याचा दोष कुंडलिक खंड्याला देत नसे, हिंदुरावाला देई. पिल्लं वाटून घेताना आधी हात त्यानं घातला होता.

यंदा मात्र देवानं कुंडलिकाचं गाऱ्हाणं ऐकलं. खंड्याची टाळू काळी पडायला लागली. काळ्या टाळूचं कुत्रं कडवं आणि अस्सल, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगतं. कुंडलिक येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारून खंड्याचा जबडा उघडून दाखवी. त्याची बायको तानूबाई म्हणायची, कुत्र्याच्या तोंडाला घाण येते, भाकरी अर्धी टाकतंय. त्यावर हा सांगे, अस्सल जातीला कोरडी भाकरी कशी गोड लागेल?

त्यातच चित्याच्या पाठीवर जांभळाएवढी काळी गाठ उठली. कुंडलिक तोंडानं हळहळला आणि घरी येऊन दोन घास जास्तच जेवला. हिंदुराव चित्याला बैलगाडीत घालून बारामतीच्या जनावरांच्या दवाखान्यात निघाला, तेव्हा हाही सोबतीला चढला, आणि खंड्यालाही वर घेतलं. निरोगी कुत्रं कसं असतं ते डॉक्टरला दिसू दे, म्हणाला. खरं तर चित्या मरणार हे त्याला आपल्या कानांनी ऐकायचं होतं.

डॉक्टरांनी गाठ चिमटीत धरून हलवली. ती कातडीबरोबर सुटी हलत होती. केसाळ कातडीवरची अशी काळी गाठ बहुतेक वेळा काही करत नाही, असं ते म्हणाले. तरी ती त्यांनी कापून काढली, तुकडा मुंबईला तपासायला पाठवायचं ठरवलं आणि पाठीला पट्टी बांधली. हिंदुरावाच्या जिवात जीव आला.

कुंडलिकाचं तोंड उतरलं. एवढ्या लांब येऊन हेच ऐकायचं होतं? त्यानं तणतणत खंड्याचा जबडा उघडला.

"डाक्टर, ह्येची टाळू बगा. हाय का त्या चित्याची अशी?"

डॉक्टर वाकले ते बघतच राहिले. काळा भाग फुगून दाढेपर्यंत गेला होता. बोट लागताच रक्त आलं, दाढही हलत होती. मग त्यांनी जबड्याखाली चाचपलं, तर तिथं सुपारीएवढी गाठ लागली.

"टाळू जन्मापासून काळी होती का?"

"न्हाय जी. यंदाच झाली." कुंडलिक अजून ऐटीतच होता.

डॉक्टरांनी त्याला बसवून सांगितलं. जन्माची काळी टाळू निराळी, ही निराळी. रंग दोन्ही कुत्र्यांच्या गाठींचा एकच, पण पाठीवरची गाठ असेल तर बहुधा निभावतं आणि तोंडातली बहुधा जीव घेते. हा कॅन्सर आहे, गळ्यापर्यंत उतरलाय. याचाही तुकडा पाठवतो, पण आशा धरू नका. पुढं मुंबईहून कळलं तेही हेच.

परतीच्या वाटेवर खंड्या कुंडलिकाच्या मांडीवर डोकं टाकून पडला होता. मग कासरा हातात धरून, मागं न बघता हिंदुराव म्हणाला, "कुंडलिका, खरं सांगू? तुज्या खंड्याची टाळू बगितल्यापासनं मला घास ग्वाड लागत नव्हता. वाटायचं, माज्या चित्याची का न्हाय अशी."

हे ऐकायला कुंडलिकाचे कान जन्मभर आसुसले होते. त्याला रडू फुटलं. समोर पाठीला पट्टी बांधलेला चित्या बसला होता. हिंदुरावाचा ऊस, त्याचे बैल, मोटारीतले साहेब, कशाचंच कुंडलिकाला आता काही वाटेना. त्याला फक्त ती पाठीवरची गाठ हवी होती, खंड्यासाठी.