समोरच्या घरातली थोरली

लाखेचा शेवटचा तुकडा कुलपावरून सुटेना, तेव्हा पालितबाबूंनी सुमनताईंकडेच सुरी मागितली. त्यांनी भाजी चिरायची सुरी आणून दिली. पालितबाबूंनी ती कडी आणि कुलपाच्या फटीत घालून दाबली, लाल चुरा उंबऱ्यावर सांडला आणि दार उघडलं. आतून डांबरगोळ्यांचा आणि दमट गाद्यांचा वास आला. सुमनताईंचा हात पदराकडे गेला आणि तिथेच थांबला. शकुनच्या घरात शिरताना नाक झाकायचं, हे त्यांना जमेना.

भवानीपूरच्या त्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोनच घरं होती, समोरासमोर. मधे एक अरुंद व्हरांडा. इकडे धारूरकर, तिकडे राजहंस. सुमनताईंचे यजमान बँकेत होते, शकुनचे खिदिरपूरला गोदीवर, कस्टम्समध्ये. दोघांनी बदल्या टाळत टाळत कलकत्त्यातच नोकरी संपवली आणि पुढे एकापाठोपाठ एक गेलेही. सुमनताईंना केदार होता. शकुनला कोणी नव्हतं. तिच्या नवऱ्याचा एक पुतण्या इंदूरला असल्याचं ऐकिवात होतं. पोलिसांनी त्याला पत्र घातलं, ते तसंच परत आलं. आषाढात शकुन इस्पितळात वारली, घराच्या कुलपाला पोलिसांची लाख लागली, आणि आता श्रावण सरत आला असताना पालितबाबूंचं हे सरकारी खातं आलं होतं. ज्यांच्या मागे कोणी नाही, त्यांच्या वस्तू ताब्यात घेणारं.

"एक साक्षीदार लागतो, माशिमा," पालितबाबू बंगालीत म्हणाले. माणूस सौम्य होता, मावशी म्हणत होता. चपला बाहेर काढून आत आला होता. "शेजारचं कोणी चालतं. नातेवाईक मात्र चालत नाही. तुमचं यांचं नातं?"

सुमनताईंनी तोंड उघडायच्या आत मिश्राजी बोलले. इमारतीचे म्हातारे दरवान, सामान हलवायला वर आले होते. "नाता? साहब, देवरानी-जेठानी हैं दोनों. कब से देख रहा हूँ. झगड़ा भी वैसा ही करती थीं."

पालितबाबूंचं पेन थांबलं. "असं असेल तर मला काम इथेच बंद करावं लागेल. सख्ख्या जावा आहात?"

केदार आईच्या मागे उभा होता. रजा टाकून आला होता. "आई," तो मराठीत हळूच म्हणाला, "कोर्टात पुरावा मागतील. खरं ते सांग."

सुमनताई या इमारतीत नव्यानेच आल्या होत्या, त्या पहिल्या दुर्गापूजेत खालच्या मजल्यावरच्या बायकांनी शकुनला विचारलं होतं, ही तुझी कोण? शकुनने सुपारी कातरता कातरता सांगून टाकलं, "ही माझी धाकटी जाऊ." थट्टेत म्हटलेलं तिने पुढे कधी मागे घेतलं नाही. जन्मभर हाका मारल्या त्या याच नात्याने. "जाऊबाई, कढीपत्ता आहे का?" "जाऊबाई, तुमच्या नळाला पाणी आलं का हो?" दोन्ही नवरे हसायचे आणि पेपर वर धरायचे.

"नाही," सुमनताई म्हणाल्या. "शेजारीण."

शकुनबद्दल हा शब्द त्यांनी याआधी कधी वापरला नव्हता. पालितबाबूंनी तो लिहून घेतला.

खरं तर साक्षीदार व्हायला त्या एवढ्याचसाठी तयार झाल्या होत्या, की आत जाता येईल. शकुनच्या कपाटात, सगळ्यात वरच्या कप्प्यात, थोरली होती. ती घेऊन यायची होती. भाद्रपद तोंडावर आला होता.

गौरींचे ते दोन पितळी मुखवटे सुमनताईंच्या सासूबाईंचे. अंबाजोगाईचं घर मोडलं तेव्हा सासूबाईंनी ते आपल्या मांडीवर ठेवून कलकत्त्यापर्यंत आणले होते, गाडीत कोणाला हात लावू दिला नव्हता. पहिल्या वर्षी गौरी बसल्या, जेवल्या, गेल्या. शकुन तिन्ही दिवस इथेच राबत होती. तिच्या सासरी गौरी नव्हत्या. विसर्जनानंतर ती थोरलीचा मुखवटा हातात घेऊन म्हणाली, "हिच्या कानामागे काळं राहिलंय गं. चिंचेने घासून आणते." आणि घेऊन गेली. चार दिवसांनी सुमनताई आणायला गेल्या, तर थोरली शकुनच्या कोनाड्यात बसलेली, समोर निरांजन.  शकुन नुसती थोरलीकडे बघत राहिली. सुमनताई म्हणाल्या, "राहू दे तुझ्याकडे. समोरासमोरच तर आहेत दोघी." सासूबाई असत्या तर घर डोक्यावर घेतलं असतं. पण त्या तोवर वारल्या होत्या.

तेव्हापासून वर्षभर थोरली तिकडे, धाकटी इकडे. आणि दर भाद्रपदात शकुन नवी साडी नेसून थोरलीला घेऊन व्हरांडा ओलांडायची, कुंकवाच्या पावलांवरून, आणि उंबऱ्याशी थांबायची. आतून सुमनताईंनी विचारायचं, काय आणलंस? बाहेरून तिने सांगायचं, गौर आणली, धनधान्य आणलं, लेकरंबाळं आणली. लेकरंबाळं म्हणताना तिचा आवाज जरा जास्तच मोठा व्हायचा. मग लगेच काहीतरी फाजीलपणा. "आणि केदारचे गणिताचे मार्क आणले!" एका वर्षी, "आणि आमच्या साहेबांची विशाखापट्टणची बदली रद्द करून आणली!" आरती हातात धरून सुमनताईंना हसू आवरायचं नाही.

पालितबाबू खोलीमागून खोली घेत होते. मोबाईलवर एकेका वस्तूचा फोटो, मग नोंद. पंखा. फ्रिज. शिसवी पलंग. मिश्राजी उचलून दाखवत, पालितबाबू मान डोलवत. ओट्यावर काळ्या मसाल्याची बरणी होती. पालितबाबूंनी झाकण काढून वास घेतला आणि त्यांना ठसका लागला.

"हे फेकावं लागेल, माशिमा. खाण्याच्या वस्तू घेत नाही आम्ही."

चैत्रात दोघींनी मिळून भाजून कुटलेला मसाला. त्यातला अर्धा सुमनताईंच्या ओट्यावर होता. त्यांनी मान हलवली.

देवापाशी समई होती, एकच. पालितबाबूंनी ती हातावर तोलली. "हिची जोडीदार?"

"इथल्या मराठी मंडळाला देऊन टाकली तिने. गणपतीला."

"अरेरे. जोडी असती तर लिलावात कोणीतरी शौकीन उभा राहिला असता. सुटी वस्तू तराजूत जाते. मग भट्टीत." त्यांनी लिहिलं, "समई, पितळी, एक."

कपाट उघडलं तेव्हा सुमनताई पुढे झाल्या. "वरच्या कप्प्यात आहे. मी काढून देते. तेवढं एक माझं आहे."

हिरव्या खणाच्या तुकड्यात गुंडाळलेली थोरली त्यांनी दोन्ही हातांनी खाली घेतली. नथीचं भोक, किंचित उजवीकडे झुकलेली भुवई. कानामागचं काळं अजून होतं. शकुन दर वर्षी घासायची आणि ते दर वर्षी राहायचं.

पालितबाबूंनी हात जोडले. "ठाकूर? कोणती देवी, दुर्गा?"

"गौरी. तीन दिवस माहेरी येते."

"आमच्याकडेही येते की. पूजेला." ते हसले, आणि मग त्यांनी ते विचारलं, जे विचारणं भाग होतं. "तुमची आहे म्हणता. काही कागद?"

"सासूबाईंच्या देवाला कसला कागद?"

"मग कपाटात जे सापडलं ते त्यांचं. मला तसंच धरावं लागतं, माशिमा. तुम्ही कोर्टात अर्ज करा. वर्ष-दोन वर्षं लागतील, पण करा."

"ती शकुनकाकूंकडे ठेवायला दिली होती, सर," केदार म्हणाला. "मी लहानपणापासून बघतोय."

"तुम्ही सांगताय ते मला खरंच वाटतंय. पण उद्या दुसरा कोणी येऊन म्हणेल, पलंग माझा. त्याला मी काय सांगू?"

सुमनताईंचा आवाज चढला. त्या एरवी परक्याशी असं बोलत नसत. "माणूस दिलंत ना आम्हाला? इस्पितळातून? याने एक सही केली आणि दिलंत. नेऊन जाळली आम्ही तिला, केवडातल्याच्या स्मशानात. तेव्हा नाही कोणी विचारलं तुमची कोण. मग हे का नाही?"

पालितबाबूंनी चष्मा काढून पुसला. "देह कोणाच्या मालकीचा नसतो, माशिमा," ते म्हणाले. "पितळ असतं."

 मिश्राजी खिडकीबाहेर बघत राहिले. मग सुमनताईंना काहीतरी सुचलं, आणि इतक्या वेळात पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उजळला. "थांबा. पुरावा आहे माझ्याकडे."

त्या लगबगीने समोर गेल्या आणि धाकटीला घेऊन आल्या. पलंगावर दोघींना शेजारी ठेवलं. तेच नाक, तीच हनुवटी, तीच झुकलेली भुवई, फक्त धाकटीची डावीकडे. "बघा. एका हातच्या आहेत. एक माझ्या घरात आहे म्हणजे दुसरीही माझीच ना?"

पालितबाबू वाकून बघत राहिले. बराच वेळ. त्यांनी मोबाईल उचलला नाही.

"जोडी आहे," ते शेवटी म्हणाले. "यात शंकाच नाही. पण माशिमा, कागदावर हे उलटं दिसतं. मयताच्या कपाटात एक सापडली, तर जोडी मयताची. मग मी विचारायला हवं, दुसरी शेजाऱ्यांकडे कशी गेली?"

सुमनताईंचा हात धाकटीवर गेला.

"ही मी पाहिलेली नाही," पालितबाबू खालच्या आवाजात म्हणाले आणि पाठ फिरवून खिडकीशी गेले. "घेऊन जा. लवकर. मी अजून लिहिलेलं नाही."

केदारनेच धाकटीला उचललं आणि आईचा हात धरून व्हरांडा ओलांडून तिला घरी आणलं. "चांगला माणूस भेटला म्हणून," तो खुर्चीत बसत म्हणाला. "दुसरा असता तर दोन्ही गेल्या असत्या. आई, एक तरी वाचली ना? दुसरी आपण पुण्याहून करून आणू. हल्ली ऑनलाइनही मिळतात, अगदी अशाच."

 सुमनताईंनी धाकटीला मांडीवर घेतलं. उघड्या दारातून समोर मिश्राजी वस्तू एका गोणपाटावर मांडताना दिसत होते. समई, परात, तांब्ये, आणि त्यात थोरली, आभाळाकडे तोंड करून. पितळेत पितळ. पालितबाबूंनी लाखेची कांडी मेणबत्तीवर धरली होती.

"जेवायला काय करतेस?" केदारने विचारलं. "आई?"

त्या उठल्या आणि आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांनी साडी बदललेली होती. केदारने मोबाईलवरून मान वर केली. "आता कुठे निघालीस?" मग त्याला त्यांच्या हातातलं दिसलं. "आई, नको. अगं, त्याने सोडलंय आपल्याला. वेडेपणा करू नकोस."

"एकटी उभी करत नाहीत रे हिला," त्या म्हणाल्या. "आणि तिलाही."

व्हरांड्यात त्यांची पावलं सावकाश पडत होती. समोरच्या उंबऱ्यावर लाखेचा लाल चुरा तसाच पसरलेला होता. तिथवर येऊन त्या थांबल्या. आत जायला कोणी अडवलं नव्हतं. पाय आपोआप थांबले, जसे दर भाद्रपदात सुमनताईंच्या उंबऱ्याशी शकुनचे थांबायचे.

पालितबाबू पाठमोरे होते. चाहूल लागली, पण त्यांनी मान वळवली नाही. लाख गार व्हायच्या आत ठसा उमटवायचा होता.

"आता आणखी काय आणलंत, माशिमा?"

सुमनताईंनी हातातलं दोन्ही हातांनी पुढे धरलं.

"धाकटी आणली," त्या म्हणाल्या. "ही पण शकुनचीच आहे. माझ्याकडे राहिली होती."

पालितबाबू वळले. त्यांनी सुमनताईंकडे पाहिलं, त्यांच्या साडीकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"साक्षीदार सांगतेय," सुमनताई म्हणाल्या. "लिहा. जोडी."

आणि त्यांनी उजवं पाऊल आत टाकलं.