खाण्याचं पचखाण

सायरबाईचं वजन एकशे सव्वीस किलो आणि नावावर अकरा अठाया. आठ दिवस निव्वळ उकळलेल्या पाण्यावर राहायचं, म्हणजे अठाई. पर्युषणात जालन्याच्या जैन स्थानकात, साध्वींच्या प्रवचनानंतर, तिचं नाव पुकारलं की बायका कौतुकानं माना वळवत. उरलेलं वर्षभर त्याच बायका तिच्या पाठीमागे हसत. एवढे उपास करते, मग हे अंग येतं कुठून? पारणं झालं की दोन महिन्यांत गेलेलं वजन वाढून परत यायचं.

साखरेनं डाव्या पायाची दोन बोटं नेली, तेव्हा नवरा कचरूलाल तिला औरंगाबादला डॉक्टरकडे घेऊन गेला. साल दोन हजार नऊ. वजनासाठी पोटाचं ऑपरेशन करतात, हे तोवर पेपरात येऊ लागलं होतं.

डॉक्टरांनी कागदावर तीनदा जठर काढलं. पहिल्याला वरच्या बाजूनं पट्टा. थोडक्यात पोट भरेल, पट्टा सुईनं सैल किंवा घट्ट करता येईल. पण तो कधीकधी सरकतो, आणि साखरेवर उतार कमी. दुसऱ्यात जठराचा मोठा भाग कापूनच टाकायचा. टाकला की टाकला. तिसरा बायपास. साखरेला हाच भारी, पण टाके गळू शकतात, रक्ताची गुठळी छातीत जाऊ शकते आणि गोळ्या जन्मभराच्या.

एवढ्या सगळ्यात सायरबाईनं एकच शब्द धरून ठेवला.

“पट्टा सैल होतो ना? मंग पर्युषणाआधी सैल करून घेतला, तर अठाई होईल का?”

डॉक्टर हसायला लागले आणि तिचा चेहरा पाहून थांबले. “बाई, तुम्ही इन्सुलिनवर आहात. आठ दिवस उपाशी राहणं आजसुद्धा चालत नाही. माझा सल्ला बायपासचा. त्यानंतर मात्र लांबचे उपास कायमचे बंद. थोडं थोडं, पण रोज खायचं. नाहीतर हातपाय बधिर होतात, चालताना तोल जातो.”

“पट्टाच करू,” ती कचरूलालला म्हणाली.

परतताना बदनापूर आलं, तेव्हा कचरूलालनं गाडीत विषय काढला. म्हणाला, “पट्ट्यानं साखर न्हाई हटली अन् पाय गेला, तर स्थानकाच्या पायऱ्या कशी चढशील?”

तिला भयंकर राग आला, कारण तो खरं बोलत होता. गेल्या साली पाचव्या दिवशी ती मोरीत कोसळली होती. दवाखान्यात बेशुद्धीतच ग्लुकोज चढवलं आणि अठाई मोडली. आणि तरीही यंदा तिनं मनातल्या मनात दिवस मोजायला घेतले होते. तिला ऑपरेशनची भीती होतीच. त्याहून जास्त भीती स्वतःची होती.

म्हणून पर्युषणाच्या आदल्या दिवशी ती स्थानकात गेली आणि तिथल्या साध्वी महासतीजींपुढे हात जोडून म्हणाली, “मला खाण्याचं पचखाण द्या. रोज खाईन, असं.”

पचखाण म्हणजे गुरूंपुढे शब्द देऊन घेतलेला नेम; जन्मात तिनं आपणहून एकही मोडलं नव्हतं. रात्रीचं जेवण सुटलं, कांदा-बटाटा सुटला, ते शब्द दिला म्हणून. नुसत्या मनाच्या निश्चयावर तिचं कधीच काही टिकलं नव्हतं.

“बाई, पचखाण सोडण्याचं असतं, खाण्याचं नसतं,” महासतीजी म्हणाल्या.

“मंग तप सोडण्याचं द्या.”

“ते मी कसं देऊ? शरीर आजारी असेल तर करू नका, त्यात दोष नाही. पण हे तुमचं तुम्हीच ठरवायचं.”

त्यांनी मंगलिक, म्हणजे निरोपाचा मंगलपाठ, ऐकवलं. सायरबाई रिकाम्या हातानं उठली. दाराशी स्थानकात नेहमी येणारी चंदनबाई आणि चार-पाच जणी बसल्या होत्या.

“सायरबाई, यंदा बारावी अठाई ना?” चंदनबाईनं विचारलं.

हो म्हणणं किती सोपं होतं.

“न्हाई. पोटाचं ऑपरेशन आहे. बायपास.”

“मंग पुढच्या साली?”

“पुढच्या साली पण न्हाई. जावजीव न्हाई.”

जावजीव, म्हणजे मरेपर्यंत. जन्मभराचं पचखाण घेताना म्हणतात तो शब्द. तो तिला कोणी दिला नव्हता, तिच्याच तोंडून निघाला होता. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. सायरबाईला रडू फुटलं आणि तिनं ते लपवलं नाही. आता यांच्या लेखी ती नुसती एक जाड बाई होती, आणि हे ठाऊक असूनच ती बोलली होती.