पहिल्या सोफ्याची बैठक

"आक्का, तुमच्यासारखा हात कुणाचा नाही हो. तुम्हीच उसवा," मालकांची सून म्हणाली, आणि आक्कांच्या मनात पाल चुकचुकली. एवढी वर्षं पडद्यांच्या विभागात मशीन चालवली, पण सूनबाई कधी तिकडे फिरकल्या नव्हत्या. आज मात्र बसायला खुर्ची काय, चहा काय! एवढ्या गोडीमागे काहीतरी शिजत असणारच.

निमित्त होतं कंपनीच्या इतिहासाचं. सोफे, गाद्या, पडदे बनवणाऱ्या या कंपनीचा वर्धापनदिन जवळ आला होता. भिंतीवर जुने फोटो चढले होते आणि दालनाच्या मधोमध एका गिऱ्हाइकाकडून परत मिळवलेला पहिला सोफा मांडला होता. त्याची बैठक थोडी उसवून आतली कारागिरी पाहुण्यांना दाखवायची, ही सूनबाईंची टूम. शेजारी पाटी होती, 'संस्थापकांनी स्वतःच्या हातांनी बनवलेला.'

आक्कांनी नाक मुरडलं. स्वतःच्या हातांनी म्हणे! हे काम त्यांच्या नवऱ्याचं, मिस्त्रींचंच असणार. माणसाला चोर ठरवून हाकललं आणि आता त्याची कलाही घशात घालायला निघाले.

फार जुनी गोष्ट. एका गिऱ्हाइकाचा सोफा खचला आणि आत काथ्याऐवजी गवत निघालं. मालकांनी सगळ्यांदेखत मिस्त्रींवर आळ घेतला, की यानं काथ्या परस्पर विकला. मिस्त्रींनी हूं की चूं केलं नाही. हत्यारांची पिशवी उचलली आणि घरी आले. आक्कांची नोकरी मात्र टिकली.

"खरं सांगा, नेलात का काथ्या?" त्यांनी एकदाच विचारलं होतं. मिस्त्रींनी नुसतं पाहिलं. त्यानंतर आक्का त्यांच्या नकळत ती पिशवी चाचपू लागल्या. मिस्त्रींना ते कळत होतं. पुढे पुढे बाहेरची कामं करून घरात आले, की ते स्वतःच पिशवी दाराशी उघडी ठेवत. तसेच ते एक दिवस वारले.

मोठ्या मालकांना चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं. आक्कांनी सरळच विचारलं, "मालक, हे मिस्त्रींचं काम ना?"

"छे गं! तेव्हा मिस्त्री कुठला? तो पुढं आला. हा मी एकट्यानं बनवला, पत्र्याच्या शेडमध्ये."

"बाबांना खिळान् खिळा आठवतो," सूनबाई कौतुकानं म्हणाल्या.

आक्कांचा विश्वास बसला नाही. त्या उसवायला बसल्या. पण टाके लांब लांब, घाईचे होते. हा हात मिस्त्रींचा नव्हता. त्या हिरमुसल्या. कापड बाजूला केलं, तर वर बोटभर काथ्या होता. खाली हात घातला आणि मूठभर गवत बाहेर आलं.

"अगंबाई! म्हणजे त्या मिस्त्रीनं यातही..." सूनबाई म्हणाल्या आणि त्यांची नजर पाटीवर गेली.

मालक खिडकीबाहेर बघत होते. "शिवून टाक, आक्का."

"मिस्त्री यायच्या आधीचा ना हा?"

मालकांनी नजर गवताकडे वळवली. मग म्हणाले, "परवडत नव्हतं गं तेव्हा. पुढं त्यालाही गवत मीच भरायला लावलं."

"मग त्यांनी तोंड का नाही उघडलं?"

"बोललास तर बायकोलाही घरी बसवीन, असं म्हणालो होतो मी."

 आक्कांना मालकांचा संताप आला, पण त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. ज्या नोकरीसाठी तो माणूस गप्प बसला, त्याच नोकरीवरून घरी येऊन आपण त्याच्यावर पाळत ठेवली!

"मला माफ कर," मालक पुटपुटले.

"माझी काय मागता, मालक? मलाच मागायचीय. कुणाकडे मागू?"

सूनबाईंनी सुई पुढे केली. आक्कांनी ती घेतली नाही. मूठ तशीच आवळून त्या दाराकडे चालू लागल्या, आणि चकचकीत फरशीवर त्यांच्या मागे गवताच्या काड्या पडत राहिल्या.