छापून आलेला नवरदेव

तुळशीचं लग्न होऊन आठ दिवस झाले होते. सौंसरजवळच्या पुंडलिकरावांच्या अंगणात आंबिया बहाराच्या संत्र्यांचा ढीग पडला होता आणि चार-पाच बाया मोठी फळं एकीकडे, बारीक एकीकडे करत बसल्या होत्या. गप्पा रंगल्या होत्या. फाटकाशी पुंडलिकरावांच्या धाकट्या मुलाची, भूपेंद्रची मोटरसायकल वाजली आणि गप्पा थांबल्या. कुणी वर पाहिलं नाही. भूपेंद्र हसतमुखानं आत निघून गेला. बायांचे हात चालत राहिले, बोलणं मात्र पुन्हा सुरू झालं नाही.

सुचिता ओसरीवरून हे पाहत होती. ती या घरची थोरली सून, सुरेशची बायको, गावातल्या शाळेत शिक्षिका. नागपूरच्या एका वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत तिचे लेख येत. कधी बचत गटातल्या बायांवर, कधी शिकायला धडपडणाऱ्या एखाद्या मुलीवर. तिचं नाव पार पांढुर्ण्यापर्यंत माहीत होतं.

त्याच सकाळी सासऱ्यांनी तिला बोलावून सांगितलं की, या खेपेचा लेख भूपेंद्रवर लिहायचा. संत्र्याची बाग फुलवणारा होतकरू तरुण, असा. बाग सुरेश आणि मजूर सांभाळत, भूपेंद्रनं तिथं कधी पाणीसुद्धा दिलं नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. फोटोसाठी शेजाऱ्याचा ट्रॅक्टर ठरलाही होता. आणि लेखात एक वाक्य हवंच होतं: शेतीच्या ध्यासापायी त्यानं अजून लग्नाचा विचारही केलेला नाही.

सुचितानं मान वर केली. आतल्या खोलीत सासूबाई, देवकाबाई, मांडीवर अल्बम घेऊन बसल्या होत्या आणि एकेक फोटो काढून फाडत होत्या. त्या फोटोंत मानसी होती.

मानसी लोधीखेड्याची. दोन वर्षांपूर्वी भूपेंद्रशी लग्न होऊन या घरात आली आणि सात महिन्यांनी मोडलेलं मनगट घेऊन माहेरी गेली. समाजातल्या चार माणसांनी बसून फारकत करून प्रकरण मिटवलं. धाकट्या मुलीचं लग्न अडेल म्हणून मानसीच्या बापानं तोंड मिटलं. या घरानं तर मानसी नावाची कुणी आलीच नव्हती, असं वागायला सुरुवात केली.

"हे वाक्य मी कसं लिहू?" सुचितानं विचारलं.

"लगनात शंभर खोटं चालते, बाई," पुंडलिकराव समजुतीच्या सुरात म्हणाले. "आमच्या बापानं चालवलं, तुह्या बापानंही चालवलं असन. तू त एकच लिहून राहिली."

सुरेश खाली मान घालून चहा पीत होता. सुचितानं दोन दिवस टाळलं, तिसऱ्या दिवशी लिहिलं. आणि लिहिताना तिला एका गोष्टीची भीती वाटली. लेख चांगला उतरत होता. कामावरच्या बायांना हा तरुण ताई म्हणून हाक मारतो, हे वाक्य तर तिला कुणी सांगितलंही नव्हतं. ते तिचं तिलाच सुचलं.

रविवारी लेख छापून आला. शाळेत अभिनंदन झालं, मोबाइलवरच्या गटागटांतून तो फिरला, आणि पंधरवड्यात पांढुर्ण्याहून स्थळ चालत आलं. मधुकरराव, कापडाचे दुकानदार. त्यांची मुलगी धनश्री बी.ए. झालेली. पाहण्याचा कार्यक्रम जामसावळीच्या मंदिरात ठरला.

दर्शन झाल्यावर धनश्री सुचिताच्या पाया पडली. तुमचा एकही लेख मी चुकवत नाही, म्हणाली. घरच्यांनी आणलेल्या स्थळांवर तिचा भरवसा नव्हता, पण मॅडमनं लिहिलंय म्हटल्यावर तिनंच बापाला होकार दिला होता. मोकळी, हसरी मुलगी. प्रसाद खाताना कशावरून तरी ती खळखळून हसली. शेजारी बसलेला भूपेंद्र किंचित वाकला आणि अगदी हळू म्हणाला, "जोरात हसू नोको."

धनश्रीचं हसू अर्ध्यावर थांबलं. तिला वाटलं, मंदिरात आहोत म्हणून म्हणाले असतील. सुचिताच्या हातातला प्रसाद मात्र हातातच राहिला. मानसी घरात आली, त्या पहिल्या आठवड्यात सुचितानं हेच वाक्य भिंतीपलीकडून याच आवाजात ऐकलं होतं.

चार दिवसांनी शाळेतून रजा घेऊन ती पांढुर्ण्याला मधुकररावांच्या दुकानात गेली आणि सगळं सांगितलं. मधुकररावांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग गल्ल्यामागच्या भिंतीकडे हात केला. तिथं तिचा लेख चौकटीत बसवून टांगला होता.

"म्हणजे मॅडम, छापलं ते खोटं, अन तोंडानं सांगून राहिल्या ते खरं? मी कोणतं मानू?"

मधुकररावांना वाटलं, हा येणाऱ्या जावेचा मत्सर, बागेच्या वाटणीचा मामला. ती घरी पोचण्याआधीच त्यांचा फोन पुंडलिकरावांना पोचला होता.

घरात कुणी ओरडलं नाही. देवकाबाईंनी तिचं ताट वाढलं नाही, एवढंच. सुरेशनं माफी मागून मोकळी हो, असं सुचवलं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना भूपेंद्र फाटकाशी उभा होता. मुलांना हसून वाट देत तो तिच्याजवळ आला.

"वयनी, पांढुर्ण्याले गेलत्या म्हंते. रस्ता खराब हाये. एकट्या नोका जात जाऊ."

तरी शनिवारी ती लोधीखेड्याला गेली.

मानसी शिलाई मशीनवर बसली होती. कापड उजव्या हातानं सरकवत होती, डावं मनगट पुरतं वळत नव्हतं. साखरपुड्याला येऊन खरं सांग, हे सुचिताचं सगळं बोलणं होईपर्यंत तिनं मशीन थांबवलं नाही. मग म्हणाली, "त्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरनं मले इचारलं होतं, काय झालं म्हणून. मी तोंड उघडाच्या आधी तुमी सांगतलं, विहिरीच्या पायरीवरून पडली."

"हो. मीच सांगितलं."

"येईन मी. पण आधी तुमी बोला. सगळ्यांसमोर. मंग मी."

साक्षगंधाच्या दिवशी मधुकररावांच्या दारचा मंडप भरला होता. धनश्रीची ओटी भरून झाली, अंगठ्यांचं तबक पुढे आलं, तेव्हा सुचिता उठून उभी राहिली. आपला लेख खोटा आहे, हा मुलगा एकदा बोहल्यावर चढलेला आहे, त्यानं बायकोचा हात मोडला आणि दवाखान्यात खोटं बोलणारी मीच होते, हे तिनं एका दमात सांगितलं. पाठीमागून पुंडलिकराव म्हणाले, हिचं डोकं फिरलंय, हिला घरी न्या. सुरेश जागचा हलला नाही. तेवढ्यात दाराशी उभी असलेली मानसी चालत पुढे आली.

लोक कुजबुजू लागले. मधुकरराव अजूनही गोंधळलेले होते. पोरगी कुठली, कुणी शिकवून आणली, असा गलका झाला. मानसीनं हात पुढे करून बोलायला सुरुवात केली.

भूपेंद्र उठला. चेहऱ्यावर तेच हसू. तिच्या दिशेनं दोन पावलं टाकून तो हळूच म्हणाला, "मानसी, खाली बस."

आणि मानसी बसली. जिथं होती तिथंच, जमिनीवर. दोन्ही हात तिनं डोक्यावर धरले होते.

मंडपात आता कुणाला काही विचारायचं उरलं नव्हतं.

धनश्रीनं पदरातली ओटी पाटावर ठेवली. "बाबा, मले हे लगन नाही करायचं," ती म्हणाली. मग तिनं मानसीला दंडाला धरून उठवलं आणि आपल्या शेजारी बसवलं.

वऱ्हाड परतलं. मधुकरराव भिंतीला टेकून बसून राहिले. सुचिता निघताना धनश्री दारापर्यंत आली. आभार मानील असं सुचिताला वाटलं असेल. मुलीनं विचारलं, "मॅडम, तुमचे बाकीचे लेख बी असेच हायेत का?"

सुचितानं पायात चप्पल घातली. "काही," ती म्हणाली.

त्या दिवसापासून ती सौंसरमध्ये वेगळी खोली घेऊन राहते. सुरेश दोनदा येऊन गेला, आत आला नाही. वर्तमानपत्राला तिनं आपल्या नावानं खुलासा पाठवला. पुरवणीत असं काही छापत नाहीत, असं उत्तर आलं.

फेब्रुवारीत, मृग बहाराची संत्री उतरत असताना, मानसीचा फोन आला. तोच लेख आता वरुडकडच्या वधूवरांच्या गटांवर फिरत होता. खालचं सुचिताचं नाव कापलेलं होतं, बाकी शब्द न् शब्द तसाच. तिकडच्या एका मुलीकडे पुढच्या आठवड्यात भूपेंद्रकडचे पाहुणे जाणार होते.

"मुलीचं नाव कळलं का?" सुचितानं विचारलं.

"नाही. गाव कळलं."

सुचितानं रजेचा अर्ज लिहिला. सकाळच्या गाडीत मानसीनं तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती.