सुताने मोजलेला बास

कायतान मास्तर वारले आणि डिचोलीच्या बाबाजीच्या बँडमधला बास धाकू परबाकडे आला. बास म्हणजे ट्यूबा, बँडमधलं सगळ्यांत मोठं आणि सगळ्यांत खालच्या सुराचं वाद्य. धाकू इब्रामपूरचा. खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होता आणि सुट्टीच्या दिवशी बँडमध्ये युफोनियम, म्हणजे बासचंच लहान भावंड, वाजवायचा. बास त्याला मिळाला याचं कारण एवढंच, की बाकी कोणाच्या खांद्याला तो पेलत नव्हता.

वाद्य हाताने बनवलेलं होतं, हे पहिल्याच दिवशी कळत होतं. पत्र्यावर हातोडीचे ठोके दिसत. वजन उजवीकडे झुकायचं. खालच्या वळणात तोंडाचं पाणी साचायचं आणि ते काढायला भोक नव्हतं, म्हणून दर दोन गाण्यांनंतर आख्खा बास उलटा करावा लागे. सगळ्यांत मोठी खोड सुराची होती. बास मुळातच उतरलेला वाजायचा. ओठ आवळून फुंकलं तर थोडा चढायचा, पण अर्ध्या तासात धाकूचे गाल दुखू लागत.

बँडमध्ये मात्र हे कोणाच्या कानाला खटकत नसे. फुंकायच्या प्रत्येक पितळी वाद्याला एक सरकती नळी असते. ती बाहेर ओढली की सूर उतरतो, आत ढकलली की चढतो. बाबाजीच्या बँडमधल्या सगळ्यांच्या नळ्या चांगल्या बोटभर बाहेर असायच्या. कायतान मास्तरांनी त्या तशा लावून दिल्या होत्या आणि का, ते कोणी विचारलं नव्हतं.

सत्त्याऐंशी साली गोवा घटक राज्य झालं. डिचोलीच्या मैदानावर समारंभ ठरला आणि म्हापशाकडच्या एका मोठ्या बँडबरोबर बाबाजीच्या बँडने दोन मार्च, म्हणजे संचलनाच्या चाली, वाजवायचे, असं ठरलं. कमिटीचा सगळा वेळ कमानीवर मराठीत लिहायचं की कोंकणीत, या वादात गेला. दोन्ही बँडची एकत्र तालीम झालीच नाही.

मैदानावर पाहुण्या बँडच्या मास्तरांनी आपला सूर दिला. बाबाजीच्या माणसांनी घट्ट बसलेल्या नळ्या जोर लावून थोड्या आत ढकलल्या आणि उरलेला सूर ओठांनी मिळवला. धाकूची नळी आधीच पूर्ण आत होती. पहिला मार्च त्याने ओठांच्या जोरावर कसाबसा ओढला. दुसऱ्याच्या मध्यावर ओठ सुटले आणि बास सगळ्यांच्या खाली, वेगळाच वाजू लागला. लोक वळून बघू लागले. पाहुणे मास्तर रांगेतून चालत आले आणि म्हणाले, "तो बास बंद कर."

उरलेला सगळा वेळ धाकू बास अंगावर घेऊन न वाजवता उभा राहिला. त्याची बायको देवकी समोरच माहेरच्या माणसांबरोबर बसली होती. घरी जाताना ती त्याबद्दल काही बोलली नाही, आणि ते त्याला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी त्याने बास अंगणात घेतला आणि चिंच लावून घासायला बसला. विकायचा किंवा मोडीत द्यायचा, असंच मनात होतं. कर्ण्याच्या काठाखाली काळं निघालं तेव्हा एक लहानसा ठसा दिसला. समई आणि तिच्या खाली 'गो' हे अक्षर. तो डिचोलीच्या बाजारात एकदोन दुकानांत विचारत गेला, आणि तिसऱ्याने गोकुळदास कासाराचं घर दाखवलं.

घराच्या पुढच्या सोप्यावर दुकान होतं. समया, घंटा, आरत्या टांगलेल्या. गोकुळदासांची मुलगी सुलोचना, पन्नाशीची बाई, एका समईला कानस लावत बसली होती. दुकान तीच चालवायची. म्हातारे आत बाकावर होते. बास बघून ते उठलेच.

"म्हजोच," ते म्हणाले. "खंय मेळ्ळो तुका?"

"मीच वाजवतंय आता, गोकुळदासबाब. कायतान मास्तर गेले."

"ठावूक आसा. मातयेक गेल्लों हांव."

मग त्यांनी बासची हकिकत सांगितली. बँडचा मूळचा बास फ्रेंच बनावटीचा होता. सत्तावन्न साली तो कारेराच्या, म्हणजे त्या वेळच्या बसच्या, टपावरून पडला आणि मागच्या चाकाखाली चेपला. तेव्हा भारताने गोव्याची नाकेबंदी केलेली होती. मुंबईहून काही येत नव्हतं आणि पोर्तुगालहून मागवायची बँडची ऐपत नव्हती. कायतान मास्तर चेपलेला बास पोत्यात घालून गोकुळदासांकडे आले. गोकुळदासांनी तोवर घागरी आणि समयाच केल्या होत्या. त्यांनी पत्रा वळून नळ्या केल्या, नळीत राळ ओतून ती थंड झाल्यावर वळणं दिली, मग राळ वितळवून काढली. तिन्ही कळी, म्हणजे बोटांनी दाबायचे पिस्टन, तेवढे जुन्यातले बसवले. सात महिने लागले.

"माप कसं घेतलंत?" धाकूने विचारलं.

"सूत लावन. ह्या तोंडापसून त्या तोंडामेरेन. सूत इल्लेंय हाललें ना."

"वळणावर सूत खंय लावलात? भायल्या बाजून?"

"भायल्यान. आनी खंय लावतलों?"

धाकूने बास स्वतःकडे वळवला. वळलेल्या नळीची लांबी मधल्या रेषेवर मोजतात; बाहेरून मोजली तर दर वळणाला दोन बोटं जास्त भरते. वर्कशॉपमध्ये हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. त्याने बासची मोठी वळणं मोजली. सहा होती. सगळं मिळून वीतभर नळी जास्त, आणि नळी लांबली की सूर उतरतो.

सांगावं की उठून जावं, हे त्याला ठरवता येईना. म्हातारा बासच्या पाठीवरून हात फिरवत होता. शेवटी धाकूने सांगितलं. मैदानावरचं सांगितलं, ओढून ठेवलेल्या नळ्यांचं सांगितलं आणि वीतभराचं सांगितलं.

सुलोचनाची कानस थांबली.

"म्हणजे कायतानाक कळ्ळेलें?" गोकुळदासांनी विचारलं.

"पहिल्या दिसापसून कळलं असणार. म्हणून त्यांनी सगळा बँड ह्याच्याबरोबर खाली आणलो."

म्हाताऱ्यांनी बासवरचा हात काढून घेतला. धाकूला वाटलं, त्यांचे डोळे भरून येतील. पण ते रागावले होते.

"तीस वर्सां! दर चवथीक हांगा येवन बसतालो. च्या पितालो, नेवऱ्यो खातालो. एक अक्षर काडलें ना. सांगलें आसतें जाल्यार दुसऱ्या दिसा कापून दितलों."

"बाबा, तुमका वायट दिसतलें म्हूण," सुलोचना म्हणाली.

"आतां बरें दिसता?" ते म्हणाले आणि भिंतीवरची करवत मागितली.

कापायचं त्यांनीच, असा त्यांचा हट्ट होता. धाकूने मापाच्या खुणा केल्या आणि नळी घट्ट धरून ठेवली. एकाच जागी वीतभर कापलं असतं तर वळणं जुळली नसती, म्हणून दोन सरळ जागी थोडं थोडं काढलं. सुलोचनाने झाळ देऊन तुकडे पुन्हा जोडले. तीन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी धाकूने सोप्यावरच फुंकर मारली आणि सूर इतका चढला, की बास बिघडला असं त्याला वाटलं. मग ध्यानात आलं, की बास बरोबर होता, त्याचे ओठच आवळायला सरावले होते. ओठ सैल सोडायला शिकण्यात त्याचे दोन महिने गेले. तिकडे बाबाजी कुरकुरला, कारण सगळ्यांच्या वर्षानुवर्षं अडकून बसलेल्या नळ्या तेल घालून पूर्ण आत ढकलाव्या लागल्या. एकाची तुटली.

चवथीत विसर्जनाची मिरवणूक गोकुळदासांच्या दारावरून गेली. ते बाहेर खुर्ची टाकून बसले होते. धाकूला वाटलं होतं, ते खूश होतील. दुसऱ्या दिवशी निरोप आला: तिन्ही कळी एकदम दाबल्या की सूर अजूनही हवा त्यापेक्षा खाली जातो, घेऊन ये. कळ दाबली की वारा ज्यांतून फिरतो, त्या मागच्या लहान नळ्याही त्याच सुताने मोजलेल्या होत्या.

पण त्याच आठवड्यात गोकुळदासांचा उजवा हात गेला. अर्धांगाचा झटका होता. धाकू बास घेऊन आला तेव्हा ते आतल्या खाटेवर होते, बोलणं अडखळत होतं. सुलोचनाने बास मांडीवर घेतला.

"तुमका जमतलें, सुलोचनाबाय?"

"समयेची नळी वेगळी आसता काय?" ती म्हणाली. मग आतल्या खोलीकडे बघून आवाज चढवून म्हणाली, "मदीं मोजतां हां, बाबा."

आतून आलेलं उत्तर नीट कळलं नाही. तिने मधल्या रेषेवर मोजलं, प्रत्येक लहान नळीतून थोडं थोडं कापलं आणि संध्याकाळपर्यंत तिन्ही बसवल्या. पहिल्या कळीची झाळ गळत होती, ती तिने दुसऱ्या दिवशी पुन्हा दिली.

गोकुळदास पुढच्या माघात वारले. बाबाजीचा आख्खा बँड न वाजवता तिरडीमागून चालत गेला.

त्या पावसाळ्यात बाबाजीने तुटलेली नळी सुलोचनाकडे आणली. मग म्हापशाहून एकजण तडकलेलं क्लॅरिनेट घेऊन आला. लाकडाचं आपल्याला जमत नाही म्हणून तिने ते परत पाठवलं, पण त्याच्याबरोबरचा कॉर्नेट, म्हणजे लहान पितळी कर्णा, ठेवून घेतला. नव्वद सालापर्यंत दुकानात समयांच्या ओळीत चार-पाच कर्णे कायम टांगलेले दिसू लागले. सुलोचना स्वतः काही वाजवत नाही. दुरुस्त झालेलं वाद्य ती मालकाच्या हातात देते आणि समोर वाजवायला लावते. ऐकताना ती वाद्याकडे बघतच नाही, वाजवणाऱ्याच्या तोंडाकडे बघते. ओठ जास्त आवळलेले दिसले, की हात पुढे करून वाद्य परत मागते.