टोपली भरते आणि गिऱ्हाईक जातं

मी टोपली बोलतेय. वेताची नव्हे. एका ऑनलाइन दुकानाच्या वरच्या कोपऱ्यात टोपलीचं चित्र दिसतं ना, ती मी. आवडलेली वस्तू गिऱ्हाईक माझ्यात टाकतं, मग पैसे भरून विकत घेतं. निदान तसं ठरलं होतं.

माझा जन्म एका शिवणाच्या खोलीतला. ताई जाड कापडाच्या पिशव्या शिवते. त्या विकायला तिच्या धाकट्या भावानं हे दुकान उभं केलं. लॅपटॉप कापड बेतायच्या टेबलावरच असतो, त्यामुळे घरातलं सगळं माझ्या कानावर येतं. ताईनं कपड्यांच्या कारखान्यातली नोकरी सोडली, तेही मी ऐकलं. सुपरवायझर भला माणूस. "तीन महिने तुमची जागा भरत नाही," म्हणाला.

लोक रोज यायचे. पिशव्या मोठ्या करून बघायचे, शिलाई न्याहाळायचे, माझ्यात टाकायचेही. आणि निघून जायचे. वाढलेल्या ताटावरून उठावं, तसे. मला भारी राग यायचा. घ्यायचं नव्हतं तर हात कशाला लावला? पुढे कारण कळलं आणि तो राग भावावर वळला.

पैसे भरायच्या आधी त्यानं एक पान लावून ठेवलं होतं. म्हणे, आधी खातं उघडा. जन्मतारीख द्या. पासवर्ड असा लिहा की त्यात आकडा हवा, चिन्ह हवं, आणखी काय काय हवं. एका बाईंनी चार वेळा लिहिला, चारही वेळा नापास. पाचव्यांदा त्या आल्याच नाहीत. मी आतल्या आत तळमळत होते, पण चित्राचं कोण ऐकतो?

भाऊ स्वतः रोज खरेदी करून बघायचा. पण मालक म्हणून त्याचं खातं कायम उघडंच, त्यामुळे ते पान त्याला कधी दिसायचंच नाही. "दुकान झकास चाललंय. तुझ्या पिशव्यांचे रंगच उदास आहेत, ताई," असं वर ऐकवायचा. नाचता येईना अंगण वाकडं! ताईनं बिचारीनं रंग बदलले, फोटो पुन्हा काढले, किंमतही उतरवली.

तीन महिन्यांचा शेवटचा दिवस उजाडला. पाच वाजता सुपरवायझरला उत्तर द्यायचं होतं. साडेतीनला आत्याचा फोन आला.

"अगं, अर्धा तास तुझी पिशवी घ्यायला बसलेय. माझी जन्मतारीख कशाला हवी गं? पिशवी विकताय की माझ्यासाठी स्थळ बघताय?"

ताईला हसू आलं नाही. भाऊ म्हणाला, "आत्यानं भलतंच काहीतरी उघडलं असेल."

"तू मालकाच्या खात्यातून बाहेर पड," ताई म्हणाली, "आणि मग एक पिशवी घेऊन दाखव."

तो बाहेर पडला. ते पान समोर आलं.

"मोठ्या दुकानांत असतं म्हणून लावलं होतं," तो पुटपुटला.

"तीन महिने?" ताईनं एवढंच विचारलं.

ते पान काढेपर्यंत सव्वाचार झाले. लगेच आत्याची ऑर्डर आली. "ती घरची, ती धरू नकोस," ताई म्हणाली. मग कुणीतरी आलं, करडी पिशवी माझ्यात टाकली, थांबलं आणि गेलं. भावानं डोकं धरलं. पाचाला दहा कमी असताना आणखी एकजण आला. दोन पिशव्या टाकल्या. पत्ता लिहिला, एक आकडा खोडला, पुन्हा लिहिला. माझा जीव टांगणीला लागला होता. आणि त्यानं पैसे भरले! एका अनोळखी माणसानं मला पहिल्यांदा रिकामं केलं.

इतक्यात फोन वाजला. सुपरवायझर.

"हो म्हण, ताई," भाऊ कुजबुजला. "एका ऑर्डरवर नको गं."

ताईनं क्षणभर डोळे मिटले. "साहेब, माझी जागा दुसऱ्या कुणाला द्या," ती म्हणाली.

त्या दिवसापासून मला धास्ती आहे. ताईला परतीची वाट उरलेली नाही. आत्ताही माझ्यात कुणाची तरी एक निळी पिशवी पडून आहे. तुमची असेल आणि नको असेल, तर खुशाल सोडून जा, माझा राग नाही. फक्त कुठे अडलात, तेवढं सांगून जा. ताई वाट बघतेय.